डबा प्लास्टिकचा, झाकण स्टीलचं: लातूरच्या एका वसतिगृहातलं अर्थिंगचं प्रकरण

इमारत तीन मजली, २४ खोल्यांची. लातूरच्या शिकवणी वर्गांच्या मागे गल्लोगल्ली जशी मुलांची वसतिगृहं आहेत, त्यातलंच एक. वायरिंग भिंतीत पुरलेलं, आठ मॉड्यूलचे पीव्हीसीचे डबे आणि त्यावर पांढऱ्या प्लास्टिकच्या प्लेटा. दरवर्षी नवी पोरं येतात, चार्जर तिरके ओढतात, बॅगा आपटतात. दोन-तीन वर्षांत निम्म्या प्लेटा तडकल्या. मालकाने कायमचा बंदोबस्त म्हणून जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून १८ गेजच्या, म्हणजे साधारण १.२ मिमी जाडीच्या, स्टेनलेस स्टीलच्या २६ प्लेटा कापून घेतल्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्या बसवून टाकल्या. दिसायला झकास. डबे तेच, स्विच तेच, बदललं फक्त झाकण.

जूनमध्ये मुलं परतली. तळमजल्यावर हात धुण्याच्या जागेजवळच्या बोर्डावर ओला हात टेकला आणि एका मुलाला सणसणीत झटका बसला. पायात रबरी चप्पल होती म्हणून हात सुटला. त्याआधी आठवडाभर पाण्याच्या कूलरशेजारच्या बोर्डाबद्दल "काका, मुंग्या येतात" अशी तक्रार चालू होती. तिथे वायरमन येऊन गेलाही होता. त्याचं म्हणणं, "मालक, डबाच प्लास्टिकचा आहे, त्याला कशाची अर्थिंग? हे इंडक्शन आहे." इंडक्शन म्हणजे शेजारच्या वायरीमुळे धातूवर नुसतं दिसणारं, खरी गळती नसलेलं व्होल्टेज. मग त्याने काहीतरी केलं, टेस्टर लागायचा बंद झाला, आणि विषय मिटला असं सगळ्यांना वाटलं.

वायरमनचं अर्धं वाक्य बरोबर आहे. प्लास्टिकच्या डब्याला अर्थिंग लागत नाही, करायची म्हटली तरी कशाला करणार? पण अर्थिंग डब्यासाठी नसतेच. हाताला लागणाऱ्या धातूसाठी असते. आत एखाद्या वायरीचं इन्सुलेशन गेलं तर ज्या धातूवर फेज येऊ शकतो आणि ज्याला माणूस हात लावू शकतो, तो प्रत्येक भाग अर्थ वायरीला जोडलेला असला पाहिजे. आयएस ७३२ ही वायरिंगची संहिता, आयएस ३०४३ ही अर्थिंगची संहिता आणि आंतरराष्ट्रीय आयईसी ६०३६४, तिन्हींचा पाया हाच. सवलत आहे ती किरकोळ भागांना: साधारण ५० बाय ५० मिमीपेक्षा लहान, मुठीत न येणारे आणि ज्यांना वायर जोडणं अवघड किंवा बेभरवशाचं, असे स्क्रू, रिबिट, नावाच्या पट्ट्या. म्हणून प्लास्टिकच्या प्लेटचे दोन लोखंडी स्क्रू चालतात. २२ बाय ९ सेंमीची स्टीलची अखंड प्लेट त्या सवलतीत बसत नाही.

मग इतकी वर्षं हा प्रश्न का आला नाही? कारण पूर्वी भिंतीत लोखंडी पत्र्याचा डबा असायचा. त्याला आत अर्थचा बोल्ट असे, वायर त्याला बांधली की डबा अर्थ होई, आणि झाकण धातूचं असलं तर त्याच्या स्क्रूमधून तेही अर्थ होई. फार आदर्श जोड नव्हे, पण जोड होती, आणि ती कुणाला वेगळी करावी लागत नव्हती. प्लास्टिकचा डबा आला तेव्हा झाकणही प्लास्टिकचं होतं, त्यामुळे काही बिघडलं नाही. इथे डबा नव्या पद्धतीचा राहिला आणि झाकण जुन्या पद्धतीचं आलं. प्लेटचा स्क्रू डब्याच्या कानात जातो, कानात पितळी बुश असतं, आणि बुशच्या पलीकडे नुसतं प्लास्टिक.

अमेरिकन व्हिडिओ पाहून काम करणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. तिकडच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये (कलम ४०४.९ आणि ४०६.६) धातूच्या प्लेटला अर्थिंग सक्तीचीच आहे, पण तिकडच्या स्विचला धातूची पट्टी असते आणि त्या पट्टीला हिरवा स्क्रू. अर्थ वायर हिरव्या स्क्रूला जोडली की प्लेटच्या स्क्रूमधून प्लेटही अर्थ होते, डबा प्लास्टिकचा असला तरी. आपल्या मॉड्युलर स्विचला अशी पट्टीही नाही आणि अर्थ टर्मिनलही नाही. सॉकेटला अर्थ टर्मिनल असतं, पण ते फक्त पिनेपुरतं. प्लेटशी त्याचा संबंध येत नाही. त्यामुळे आपल्याकडे प्लेटसाठी स्वतंत्र वायरीशिवाय पर्याय नाही.

तपासणी

टेस्टर सगळ्या २६ प्लेटांवर फिरवला. तीन ठिकाणी निऑन लागला: हात धुण्याची जागा, दुसऱ्या मजल्याचा व्हरांडा, आणि कूलरशेजारी. कूलरशेजारी तो लागला प्लेट उघडून आधीच्या वायरमनची करामत काढल्यावर. त्याने प्लेटच्या मागून एक तुकडा काढून न्यूट्रलला जोडला होता.

ही करामत मराठवाड्यातच काय, कुठेही सापडते, म्हणून तिच्यावर दोन ओळी जास्त. न्यूट्रलला जोडलेल्या प्लेटवर टेस्टर लागत नाही हे खरं. पण वळवाच्या वाऱ्यात खांबावरून येणारा न्यूट्रल सुटला की चालू असलेल्या पंख्या-दिव्यांतून फेज न्यूट्रलच्या वायरीवर येतो आणि तिथून थेट प्लेटवर. शिवाय गळती न्यूट्रलमधूनच परत गेली तर आरसीसीबीला, म्हणजे गळती दिसली की सप्लाय तोडणाऱ्या स्विचला, जाणारा आणि येणारा करंट सारखाच दिसतो, ती पडतच नाही. म्हणजे धोका जागेवर राहतो आणि तो दाखवणारी खूण तेवढी पुसली जाते.

तिन्ही प्लेटांवर टेस्टर सारखाच लागत होता, पण दोष तीन वेगवेगळे निघाले. अर्थच्या खड्ड्यापासून (जिथे अर्थ वायर जमिनीत पुरलेल्या पाईपला जोडलेली असते) एक लांब वायर ओढून तिच्या संदर्भाने मोजमाप घेतलं. मल्टिमीटरवर हात धुण्याच्या जागी २२६ व्होल्ट, कूलरजवळ २२२, व्हरांड्यात ४८. मग प्लेट आणि ती वायर यांच्यामध्ये ४० वॅटचा साधा तारेचा बल्ब लावला. पहिल्या ठिकाणी बल्ब लख्ख पेटला. उरलेल्या दोन्ही ठिकाणी पेटला नाही आणि व्होल्टेज शून्यावर आलं. इथे थांबलं असतं तर कूलरची प्लेट 'इंडक्शन'मध्ये जमा झाली असती. पेटलेल्या बल्बचा रोध तेराशे ओहमच्या आसपास, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. त्याच्यापुढे छोटी गळती शून्यच दिसते. माणसाला मात्र ती जाणवते.

म्हणून सप्लाय बंद करून, त्या सर्किटचा न्यूट्रल डीबीतून (वितरण पेटीतून) सोडवून, एलईडी दिवे आणि कूलरची प्लग काढून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर) लावला, एक टोक प्लेटला, दुसरं फेज-न्यूट्रल एकत्र करून. निदान १ मेगओहम यायला हवा. हात धुण्याच्या जागी काटा शून्यावर. व्हरांड्यात २०० मेगओहमच्या वर. कूलरजवळ ०.१८ मेगओहम, म्हणजे २३० व्होल्टला सव्वा मिलीअँपिअरच्या आसपास करंट. माणसाला अर्ध्या मिलीअँपिअरपासून मुंग्या जाणवू लागतात. मुलांची तक्रार आकड्यात उतरली ती इथे.

आणि 'इंडक्शन'चा हिशेब एकदाचा करून टाकू. प्लेट आणि मागच्या वायरी यांच्यातली कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड धरली तरी ५० हर्ट्झला त्यातून जेमतेम ७ मायक्रोअँपिअर येतात. निऑन पेटायला आणि मल्टिमीटरला भुताचं व्होल्टेज दाखवायला ते पुरतात, बोटाला जाणवायला पुरत नाहीत. अर्धा मिलीअँपिअर यायला त्याच्या सत्तरपट कपॅसिटन्स लागेल. स्विचबोर्डाच्या सुट्या प्लेटला हात लावून झिणझिण्या येत असतील तर ती गळती आहे, इंडक्शन म्हणून सोडून देऊ नये.

दोष कुठे होते

हात धुण्याच्या जागेची प्लेट उघडली. फ्रेमवर जाड स्टील आल्यामुळे मूळचे २५ मिमीचे स्क्रू पुरेनात, म्हणून बसवणाऱ्याने ४० मिमीचे टोकदार स्क्रू वापरले होते. डब्यात अकरा वायरी कोंबलेल्या. डावीकडचा स्क्रू कानातून पार होऊन मागच्या अडीच एमएमच्या (म्हणजे अडीच चौरस मिमी छेदाच्या) लाल वायरीत घुसला होता. टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा काळा डाग आणि वायरीच्या सालीला बरोबर स्क्रूच्या आट्यांचे व्रण. प्लेट बसवल्या दिवसापासून ती २३० व्होल्टवर बसलेली होती. एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) का पडली नाही, हा मालकाचा पहिला प्रश्न. पडणार कशी? करंट वाहायला परतीचा रस्ताच नव्हता. तो रस्ता त्या मुलाने दिला, आणि चपलेमुळे अर्धवट दिला. अनवाणी, ओल्या फरशीवर माणसाचा रोध हजार-दोन हजार ओहम धरला तर शंभर-दोनशे मिलीअँपिअर जातात. तेवढ्याने जीव जातो, आणि १६ अँपिअरची एमसीबी ढिम्म हलत नाही.

कूलरजवळ वेगळीच कथा. ओघळणाऱ्या पाण्याने भिंतीला ओल, बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर डब्याच्या कडेने आत उतरलेला, स्विचच्या टर्मिनलपासून प्लेटच्या मागच्या काठापर्यंत ओल्या क्षारांची पायवाट झालेली.

व्हरांड्याच्या प्लेटमध्ये दोष नव्हता. पण तो डबा महत्त्वाचा, कारण त्यात अर्थ वायर आलेलीच नव्हती. नुसत्या दिव्या-पंख्याच्या बोर्डांना अर्थ वायर न ओढण्याची आपल्याकडे सवयच आहे. २६ पैकी ११ डबे असे निघाले.

आधी खड्डा, मग प्लेट

आहे त्या हिरव्या वायरी प्लेटांना जोडून मोकळं व्हायची घाई इथे महागात पडली असती. अर्थ वायर पुढे कुठेच गेलेली नसेल तर सगळ्या प्लेटा एकमेकींना जोडल्या जातात, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका गिझरची गळती तळमजल्यापर्यंत प्रत्येक प्लेटवर येते. म्हणून आधी डीबीतली अर्थ पट्टी आणि खड्डा यांच्यातली सलगता पाहिली (ठीक होती), मग तीन टोकांच्या अर्थ टेस्टरने खड्डा मोजला. ३८ ओहम.

पाईप नियमाप्रमाणे होता, ४० मिमी व्यासाचा, अडीच मीटर लांब, जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा). जमीन काळी, भारी. पावसाळ्यात ही माती पाणी धरते आणि रीडिंग छान येतं. उन्हाळ्यात ती आकसते, भेगा पडतात आणि पाईपभोवतीची पकडच सुटते. खड्ड्यात पाणी ओता, असं पुस्तकात असतं. ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात बादल्या ओतणार कोण?

३८ ओहमवर काय होतं ते पाहा. ट्रान्सफॉर्मरकडचे दोन ओहम धरून २३० व्होल्टला पावणेसहा अँपिअर करंट. १६ अँपिअरची सी प्रकारची एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. पावणेसहाला ती कधीच पडणार नाही आणि प्लेट तशीच २१८ व्होल्टवर राहील. खड्डा सुधारून ५ ओहम केला तरी ३३ अँपिअर, तेही झटक्यात पाडायला अपुरे. स्वतःच्या खड्ड्यावर चालणाऱ्या घरांत नुसती अर्थिंग आणि एमसीबी ही जोडी पुरत नाही. मधे आरसीसीबी लागते. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी असेल तर खड्ड्याचा रोध गुणिले ०.०३ हे ५० व्होल्टच्या आत राहिलं की झालं, म्हणजे हिशेबाने १६०० ओहमही चालतात. प्रत्यक्षात इतका वाईट खड्डा कुणी ठेवू नये, पण ३८ ओहमवर ती चाळीस मिलिसेकंदांच्या आत पडेल, यात शंका नाही.

आरसीसीबी होती. मेनला चार पोलची, १०० मिलीअँपिअरची, आणि वरून वायर टाकून बायपास केलेली, कारण "पावसाळ्यात सारखी पडते". सगळ्या इमारतीची गळती एकीवर लादली की ती पडणारच. शिवाय १०० मिलीअँपिअर हे माणसाच्या संरक्षणासाठी नाहीच. तिच्या जागी तीन मजल्यांना तीन आणि गिझर-वॉशिंग मशीनला एक, अशा ३० मिलीअँपिअरच्या चार आरसीसीबी बसवल्या, ए प्रकारच्या. कायमची गळती प्रत्येकीवर ९ मिलीअँपिअरच्या आत राहील अशी सर्किटं वाटली. आणि प्रत्येक आरसीसीबीखालच्या सर्किटांना न्यूट्रलची वेगळी पट्टी दिली. ती एकत्र राहिली की कारण नसताना ट्रिपिंग होतं आणि पुन्हा कुणीतरी बायपासची वायर शोधायला लागतो.

प्लेट अर्थ असण्याचा खरा फायदा आरसीसीबीबरोबरच दिसतो. प्लेट सुटी असेल तर आरसीसीबी माणसाला झटका बसल्यावर पडते. प्लेट अर्थ असेल तर स्क्रू वायरीत घुसतो त्या क्षणी पडते, फिटर अजून स्टुलावर उभा असताना.

दुरुस्ती

हात धुण्याच्या जागेचा आणि कूलरचा, दोन्ही बोर्ड स्टीलच्या प्लेटांसह काढून टाकले. पाण्यापासून दीड मीटर लांब, कोरड्या भिंतीवर झाकणाचे प्लास्टिकचे वेदरप्रूफ डबे दिले. ओल्या जागी धातूची प्लेट अर्थ करून ठेवण्यापेक्षा ती नसलेली बरी. अर्थ वायर नसलेल्या ११ डब्यांत वायर ओढायची स्प्रिंग घालून पाहिली. चार पाईप मोकळे निघाले, सातांत सिमेंटचं पाणी उतरून घट्ट झालेलं. चारांत दीड एमएमची हिरवी-पिवळी वायर ओढली, सातांवर प्लास्टिकच्या प्लेटा परत लावल्या. हिशेब: १७ स्टीलच्या प्लेटा अर्थ झाल्या, ९ ठिकाणी प्लास्टिक.

एका प्लेटचं काम असं. डीबी बंद, कुलूप, आणि टर्मिनलवर सप्लाय नसल्याची खात्री. प्लेट उलटी केली की पहिली अडचण दिसते: स्टीलच्या पत्र्यावर कारखान्यातून आलेली निळसर प्लास्टिक फिल्म. पुढची सोललेली असते, मागची तशीच. तिच्यावर लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची कडी) आवळला तर मीटरवर अनंत येतं आणि माणूस वायरीत दोष शोधत बसतो. फिल्म पूर्ण सोलायची. पावडर कोटिंगची लोखंडी प्लेट असेल तर तेवढी जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासायची. कोपऱ्यात, मॉड्यूलच्या खिडकीपासून दूर, साडेचार मिमीचं भोक, पुढून काउंटरसिंक. पुढून एम४ बाय १२ मिमीचा स्टीलचा स्क्रू, मागे दातेरी वॉशर, रिंग लग, पुन्हा दातेरी वॉशर, नट. लग पकडीने दाबायचा नाही, क्रिंपिंग टूलने. वायर दीड एमएम हिरवी-पिवळी, लांबी २० सेंमी, म्हणजे प्लेट काढून खाली लोंबती ठेवली तरी जोड ताणला जात नाही. प्लेटच्या फिक्सिंग स्क्रूखाली वायर दाबून काम भागवायचं नाही: तो स्क्रू प्रत्येक दुरुस्तीला निघतो.

आतला जोड तितकाच महत्त्वाचा. आलेली अर्थ वायर सॉकेटच्या टर्मिनलला आणि तिथून पुढे प्लेटला, अशी माळ करू नये. सॉकेट बदलताना माळ तुटते आणि प्लेट गुपचूप सुटी होते. डब्यात तीन तोंडांचा लिव्हर कनेक्टर: एका तोंडात आलेली वायर, दुसऱ्यात सॉकेटचं शेपूट, तिसऱ्यात प्लेटचं. वायर पुढच्या डब्याला जात असेल तर चार किंवा पाच तोंडांचा. १७ प्लेटांना १७ लग, ३४ दातेरी वॉशर, १७ कनेक्टर आणि आतल्या शेपटांसाठी सहा-सात मीटर वायर. स्टीलच्या २६ प्लेटांपुढे हा खर्च चिल्लर आहे.

शेवटी ४० मिमीचे सगळे टोकदार स्क्रू कचऱ्यात, त्यांच्या जागी ३० मिमीचे, बोथट टोकाचे मशीन स्क्रू. घट्ट होण्याआधी मागून हात घालून पाहायचं: टोक कानाबाहेर ५ मिमीपेक्षा जास्त आलं तर कापायचं.

तपासून घेताना प्लेटच्या पुढच्या चेहऱ्यापासून डीबीच्या अर्थ पट्टीपर्यंत सलगता मोजली, मीटरच्या वायरींचा रोध वजा करून. दीड एमएमच्या वायरीला हजार मीटरला १२.१ ओहम, म्हणजे २५ मीटरला ०.३, जोड धरून अर्ध्या ओहमच्या आत यायला हवं. १७ पैकी १६ आले. एकावर २.४ ओहम: लग सालीवर क्रिंप झालेला. मग मेगर, मग सप्लाय, मग आरसीसीबी टेस्टरने प्रत्यक्ष सॉकेटवरून ट्रिप. आरसीसीबीचं 'टी' बटण दाबून ती पडली म्हणजे प्लेट अर्थ आहे असं होत नाही. ते बटण आतल्या आत फक्त यंत्रणा तपासतं.

बाजारातल्या ब्रँडेड 'मेटल फिनिश' प्लेटांबद्दल मालकाने विचारलं ते रास्त होतं. त्यात तीन जाती आहेत. काहींत धातूचा पातळ पत्रा, पण मागे संपूर्ण प्लास्टिकची पाठ आणि फ्रेमही प्लास्टिकची. कंपनीने अर्थ मागितली नसेल तर त्या तशाच लावायच्या. काहींना मागे अर्थचं टर्मिनल असतं. ते शोभेला नसतं, वायर द्यायचीच. तिसरी जात क्रोम चढवलेल्या प्लास्टिकची. तिथे चुंबक फसवतो, कारण क्रोमही चिकटत नाही आणि ३०४ ग्रेडचं अस्सल स्टीलही चिकटत नाही. सलगता मोजली तर क्रोमचा थर बीप देतो. थर काठावरून वळून मागे स्विचपर्यंत पोचलाय का, एवढं पाहायचं. घरी काळी टेप चिकटवून केलेली 'प्लास्टिकची पाठ' यातल्या कुठल्याच जातीत मोडत नाही.

खड्ड्याशेजारी, पहिल्यापासून पाच मीटरवर, दुसरा अडीच मीटरचा पाईप ठोकून दोन्ही जोडले आणि वॉटर कूलरच्या सांडपाण्याची नळी खड्ड्याच्या हौद्यात सोडली. ऑगस्टमध्ये रीडिंग ६ ओहम आलं. ते पावसाळ्याचं आहे. खरं मोजमाप एप्रिलमध्ये घ्यायचं ठरलंय, आणि गच्च भरलेल्या सात पाईपांचं काम रंगकामाच्या वेळी भिंती फोडल्या की.